सेप्टिक शॉक: ‘किती टक्के चान्स आहे?’ याचं उत्तर ७२ तासांत कसं ठरत जातं

नाशिकच्या आयसीयूत सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला) पेशंट थेट घरून आलाय असं क्वचित घडतं. पेठ, सुरगाणा, कळवण, येवला, सिन्नर अशा कुठल्या तरी गावात दिवस-दोन दिवस सलाईन लागलेलं असतं, एक-दोन अँटिबायोटिक होऊन गेलेली असतात. मग प्रेशर लागेना म्हणून १०८ बोलावून पेशंट शहरात आणलेला असतो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘बीपी लो, पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ एवढंच. पुढच्या अंदाजाची निम्मी माहिती या चिठ्ठीत असायला हवी होती, आणि ती तिथे नसते. म्हणून आमचं काम मॉनिटर लावण्याबरोबरच फोनपासून सुरू होतं.

ज्यांनी पाठवलं त्यांना चार गोष्टी विचारायच्या. प्रेशर पहिल्यांदा किती वाजता पडलेलं दिसलं? पहिलं अँटिबायोटिक कुठलं आणि किती वाजता? एकूण सलाईन किती गेलं? नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (प्रेशर वाढवणारं औषध) सुरू केलं असेल तर कधी आणि कुठल्या रेटला? दवाखान्यातल्या सिस्टर हे नीट सांगतात. डॉक्टरांना आठवावं लागतं, सिस्टरकडे औषधांचा कागद असतो. हा आटापिटा उगाच नाही. २००६ साली कुमार आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या पेशंटांचा मोठा अभ्यास छापला. त्यात प्रेशर पडल्यापासून योग्य अँटिबायोटिक मिळायला जितका उशीर, तितकं जगण्याचं प्रमाण दर तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आमच्या दारात आल्यावर तासाभरात इंजेक्शन दिलं म्हणून आमचं घड्याळ तिथून सुरू होत नाही. ते सुरगाण्यात आदल्या रात्रीच सुरू झालेलं असतं.

दुसरा घोटाळा असा की अर्धवट उपचार झालेला पेशंट कागदावर बरा दिसतो. अपाचे-टू हा १९८५ पासूनचा स्कोर पहिल्या २४ तासांतल्या सगळ्यात वाईट १२ शारीरिक नोंदी, वय आणि जुने आजार यांवर चालतो. प्रेशर वाढवणारी औषधं त्यात कुठेच मोजली जात नाहीत. नॉरअ‍ॅडवर मीन (सरासरी) प्रेशर ७५ आलेल्या माणसाला रक्तदाबाचा गुणच लागत नाही, आणि औषधाशिवाय ७५ असलेला माणूस त्याच रांगेत बसतो. सकाळी बाहेर सर्वांत वाईट अवस्था होऊन गेली आणि आमचे २४ तास संध्याकाळी सुरू झाले, तर स्कोर आणखी खाली. तालुक्यातून रेफर होऊन येणाऱ्यांवर चालणाऱ्या आयसीयूने अपाचे-टूचा टक्का नातेवाइकांना सांगूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन गटांची तुलना करायची असेल तेव्हा तो ठीक.

आधी पेशंट खरंच सेप्टिक शॉकमध्ये आहे का, हे ठरवायचं. २०१६ च्या व्याख्येप्रमाणे पुरेसं सलाईन देऊनही मीन ६५ मिमी पाऱ्यावर ठेवायला प्रेशरचं औषध लागतंय आणि लॅक्टेट (पेशींची ओढाताण दाखवणारा रक्तातला पदार्थ) २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर आहे, या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. ज्या माहितीवर ही व्याख्या बेतली तिच्यात दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यांचा हॉस्पिटलमधला मृत्यूदर ४२.३ टक्के होता. औषध लागतंय पण लॅक्टेट २ च्या आत, त्यांचा ३०.१ टक्के. लॅक्टेटची एक नळी एवढा फरक सांगून जाते. ‘पुरेसं सलाईन’ म्हणजे सुरुवातीच्या ३ तासांत किलोमागे साधारण ३० मिली, ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. बाहेर दोन बाटल्या गेल्यात हे माहीत नसेल तर आपण पुन्हा तितकंच ओततो आणि उद्या फुफ्फुसात पाणी दिसतं. ऑक्सिजनचा स्कोर त्याने बिघडतो, आणि आजार वाढला असं वाटतं.

लॅक्टेट घेताना काय चुकतं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे हिशेब त्याच्यावर उभे राहतात. सिरिंजला द्रव हेपारिन लावून उरलेलं पूर्ण उडवून टाकायचं, नाहीतर रक्त पातळ होऊन सगळेच आकडे हलतात. हवेचा बुडबुडा काढायचा. सॅम्पल लगेच मशीनला. १५ मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर बर्फात. नळीतल्या पेशी बाहेरही साखर जाळत राहतात आणि लॅक्टेट चढत जातो. रात्री तीन वाजता एबीजी (रक्तवायू तपासणीचं) मशीन दुसऱ्या मजल्यावर आणि वॉर्डबॉय मामा चहाला गेलेले, अशा वेळी ३.१ चा ३.८ कसा झाला याचं कारण पेशंटमध्ये शोधू नये. नसेतून घेतलं तर दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवायचा नाही. पहिलं धमनीतून आणि दुसरं नसेतून असा मेळ तर मुळीच नको; काही झालं तरी दोन्ही एकाच जागेचे हवेत.

मग एकक. काही लॅब लॅक्टेट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. १ मिलिमोल म्हणजे ९ मिलिग्रॅम. बाहेरच्या रिपोर्टवर ‘१८’ दिसला आणि आरएमओने (निवासी डॉक्टरने) तो मिलिमोल समजला तर फोनवरच पेशंट संपल्यात जमा होतो. खरं तर तो २ असतो. उलटही होतं: ‘३६’ म्हणजे ४, आणि ४ हा काळजीचा आकडा आहे. आमच्या शीटवर म्हणून आकड्याशेजारी एकक लिहिल्याशिवाय रकाना भरलेला धरत नाहीत.

लॅक्टेट चढायला रक्तपुरवठा कमी पडणं हे एकच कारण नसतं. अ‍ॅड्रेनॅलिनचं इन्फ्युजन, यकृताचा जुना आजार, किडनी बसलेली असताना चालू राहिलेलं मेटफॉर्मिन, नुकतीच आलेली झटक्याची उबळ, हे सगळे तो वर नेतात. त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन सुरू केल्यानंतरचा लॅक्टेट आम्ही शीटवर वेगळ्या शाईने लिहितो. आधीच्या आकड्याशी त्याची वजाबाकी करायची नाही.

वजाबाकी साधी आहे. पहिला ६, दोन तासांनी ४.८, म्हणजे १.२ भागिले ६, २० टक्के उतार. दोन तासांत २० टक्के हे चांगलं लक्षण. पण पहिलाच आकडा २.४ असेल तर टक्केवारीचा खेळ करू नये. मशीनच्या चुकीतच तेवढा फरक बसतो.

एबीजी दर वेळी परवडतो असं नाही. पैसे भरायला मुलगा बाहेर उभा असतो, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. अशा वेळी बोटाने बघायची चाचणी कामाला येते, आणि ती गरिबाची चाचणी म्हणून दुय्यम नाही. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात एका गटाचे उपचार लॅक्टेट बघून केले, दुसऱ्याचे बोटात रक्त परतायचा वेळ बघून. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के गेले, बोटाच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या रेषेपलीकडे तो फरक थोडक्यात गेला नाही, तरी बोट लॅक्टेटपेक्षा मागे पडलं नाही हे तर दिसलंच.

करायची पद्धत ठरलेली आहे आणि ती तशीच पाळायला हवी. लॅबमधून एक साधी काचेची स्लाइड आणून ठेवायची. उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, तळव्याच्या बाजूने, ती ठेवायची आणि काचेखालची कातडी पांढरी पडेपर्यंत दाब वाढवायचा. तेवढाच दाब १० सेकंद धरायचा. काच उचलताच मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, मूळ रंग परतला की बंद. ३ सेकंदांच्या वर गेलं तर बिघडलेलं. नॉर्मल येईपर्यंत दर अर्ध्या तासाने, मग तासाने. नुसत्या अंगठ्याने नख दाबून ‘दोन सेकंद आहे’ म्हणणारे दोघेजण एकाच पेशंटवर दोन वेगळे आकडे देतात. काचेचा फायदा हा की कातडी पांढरी कधी झाली ते खरोखर दिसतं.

नाशिकमध्ये याला दोन-तीन अडचणी आहेत. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो. पहाटे तिकडून अँब्युलन्समध्ये आलेल्या माणसाचा हात आधीच बर्फासारखा असतो, वर आयसीयूचा एसी. पांघरूण घालून हात कोमट झाल्याशिवाय पहिली नोंद करत नाही. द्राक्षबागेत, कांद्याच्या खळ्यावर काम केलेली बोटं राठ असतात, त्यांच्यात रंग दिसायला प्रकाश नीट हवा. लग्नसराईत बोटांना मेंदी असली तर काहीच दिसत नाही. मग गुडघ्यावर बघतो, पण तिथला आकडा बोटाच्या आकड्याशी कधी जोडत नाही, कारण गुडघ्यावर मुळातच वेळ जास्त लागतो. गुडघ्याभोवती जांभळट जाळी पसरतेय का हेही त्याच वेळी पाहून घ्यायचं. ती मांडीकडे चढत गेली तर लक्षण वाईट. सावळ्या कातडीवर ती उशिरा दिसते. दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आता नॉरअ‍ॅड. पंपावर ‘५.६’ दिसतंय यातून कुणाला काही कळत नाही. ८ मिलिग्रॅम ५० मिलीत मिसळलं तर मिलीला १६० मायक्रोग्रॅम पडतात. ताशी ५.६ मिली म्हणजे मिनिटाला जवळपास १५ मायक्रोग्रॅम, ६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.२५. हाच पंप, हाच रेट, माणूस ५० किलोचा असेल तर ०.३० आणि ७० किलोचा असेल तर ०.२१. बेडला काटा नसतो, वजन अंदाजाने लिहिलं जातं, आणि अंदाज दर शिफ्टला बदलतो. दाखल होताना जे वजन लिहिलं तेच शेवटपर्यंत धरा. अंदाज चुकला असला तरी निदान चढ-उतार खरा राहतो.

याहून मोठा सापळा अँप्युलच्या लेबलवर आहे. २ मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बायटार्ट्रेटमध्ये (औषधाच्या क्षारात) बेस, म्हणजे प्रत्यक्ष औषध, साधारण १ मिलिग्रॅमच असतो. कंपनी बदलली, लेबल वाचलं नाही, तर एका रात्रीत डोस दुप्पट किंवा निम्मा झाल्यासारखा दिसतो, आणि राउंडला ‘काल ०.२ होतं, आज ०.४ लागतंय’ अशी चर्चा रंगते. परदेशी अभ्यासातले आकडे वाचतानाही हे बघावं: कुणी क्षार मोजलाय, कुणी बेस. आम्ही शीटवर बेसच लिहितो.

व्हॅसोप्रेसिन हे प्रेशरचं दुसरं औषध जोडलं की नॉरअ‍ॅड खाली येतं आणि प्रकृती सुधारली असा भास होतो. म्हणून दोन्हींची बेरीज करायची. व्हॅसोप्रेसिनचे मिनिटाला युनिट गुणिले २.५, अधिक नॉरअ‍ॅड. ०.३ नॉरअ‍ॅड आणि ०.०३ व्हॅसोप्रेसिन म्हणजे ०.३७५. अ‍ॅड्रेनॅलिन असेल तर जसंच्या तसं मिळवायचं. नॉरअ‍ॅड ०.२५ वर निदान ४ तास राहिलं तर हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला २०० मिलिग्रॅम, सुरू करण्याचा प्रघात आहे, आणि तो क्षण आमच्या लेखी अंदाजातलाही एक टप्पा आहे. स्टेरॉइड दिल्यावर २४ तासांत बेरीज उतरायला लागली तर बरं. बेरीज १ च्या वर गेली आणि तिथेच राहिली, तर नातेवाइकांशी त्याच दिवशी बसायचं.

सोफा स्कोर सगळ्यांना ठाऊक असतो: सहा अवयवांचा बिघाड, प्रत्येकी ० ते ४, एकूण २४. भरताना मात्र प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने भरतो. झोपेचं औषध चालू असताना शुद्धीचा गुण काय धरायचा? आम्ही नळी टाकण्याआधीचा ग्लासगो आकडा धरतो आणि सेडेशन उतरवून नवीन मिळेपर्यंत तोच चालवतो. काही ठिकाणी सेडेशनवरच्या माणसाला ३ किंवा ४ देतात. मग व्हेंटिलेटरवर गेलेल्या प्रत्येकाचा स्कोर एका रात्रीत फुगतो. बिलिरुबिन (यकृताची रक्ततपासणी) रोज केलं जात नाही. न केलेल्या दिवशी ‘नॉर्मल’ धरायचं की कालचं? कालचं. एबीजी नसेल तर पल्स ऑक्सिमीटरचा आकडा भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण वापरता येतं. ३१५ म्हणजे रक्तवायूच्या हिशेबाने साधारण ३००, २३५ म्हणजे साधारण २००. फक्त ऑक्सिमीटर ९७ च्या वर असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उंचीची दुरुस्ती १००० मीटरच्या वर करतात, म्हणून इथे ती लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नवीन मुलं पुस्तक वाचून ती करायला जातात.

आता हा स्कोर किती बोलतो आणि कुठे गप्प बसतो ते पाहू. दोन पेशंट घ्या, दोघांचा सोफा १२.

पहिल्या बाई चाळिशीतल्या, मधुमेह, मूतखड्याने किडनीत पू अडकलेला. ऑक्सिजनचं गुणोत्तर २८० म्हणून २, प्लेटलेट ७० हजार म्हणून २, बिलिरुबिन १.५ म्हणून १, नॉरअ‍ॅड ०.२ म्हणून ४, थोडा गोंधळ म्हणून १, किडनीचं क्रिएटिनिन २.६ म्हणून २. दुसरे गृहस्थ साठीजवळचे, दारूने लिव्हर सिरॉसिस, आता न्यूमोनिया. व्हेंटिलेटरवर गुणोत्तर १८० म्हणून ३, प्लेटलेट ८० हजार म्हणून २, बिलिरुबिन २.८ म्हणून २, नॉरअ‍ॅड ०.०८ म्हणून ३, शुद्धी १, क्रिएटिनिन १.८ म्हणून १.

सोफावरचा २००१ चा गाजलेला अभ्यास ब्रुसेल्सच्या एका आयसीयूतल्या ३५२ पेशंटांचा. त्यात सुरुवातीचा स्कोर ११ च्या वर असलेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक दगावले. तो तक्ता या दोघांना लावला तर दोघेही सारखेच. प्रत्यक्षात त्या बाईंचा पू डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून बसवायची नळी) किंवा पाठीतून नळी टाकून रात्रीतच बाहेर काढला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी नॉरअ‍ॅड निम्म्यावर आलेलं बघायला मिळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. गृहस्थांच्या १२ पैकी ४ गुण जुने आहेत, प्लेटलेट आणि बिलिरुबिन महिन्यापूर्वीही असेच होते. म्हणजे तीव्र बिघाड ८ गुणांचाच. तरी त्यांचा मार्ग जास्त बिकट, कारण न्यूमोनियाला कापून काढायला जागा नाही आणि मागे धरून ठेवणारं यकृत नाही. पू कुठे आहे आणि तो काढता येतो का, हा प्रश्न कुठल्याच स्कोरमध्ये नाही. अंदाज लिहिताना आम्ही तो स्कोरच्या आधी लिहितो. आतड्याला भोक, मधुमेहाचा सडलेला पाय, कुजत चाललेली कातडी: सर्जन कधी पोचला आणि पूर्ण साफ झालं का, त्याची वेळ शीटवर हवी. ‘थोडं ड्रेन केलं’ हे उत्तर आम्ही ‘नाही’ असंच वाचतो.

पावसाळ्यात तर सोफा आणखी फसवतो. डेंगीत प्लेटलेट २० हजारांच्या खाली जातात, ४ गुण पडतात, आणि माणूस तीन दिवसांनी चालत घरी जातो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या भातशेतीच्या पट्ट्यातून आलेल्या लेप्टोत बिलिरुबिन भराभर चढतं, पण यकृत निकामी झाल्यामुळे नव्हे. तेही पुष्कळदा परततं. स्क्रब टायफसची (किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) शंका असेल तर काखेत, जांघेत, पट्ट्याखाली काळी खपली शोधायची आणि डॉक्सीसायक्लिन थांबवून ठेवायचं नाही. वेळेवर दिलं तर स्कोरचा अंदाज खोटा ठरतो. आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलच्या पेशंटचं बिलिरुबिन मुळातच थोडं वर असतं. ते माहीत नसलं की एक-दोन गुण फुकट चढतात. पण प्लीहा निकामी झालेली असल्यामुळे जंतुसंसर्ग मात्र अशा पेशंटला झपाट्याने ओढतो. एका बाजूला गुण कमी करायचे आणि दुसऱ्या बाजूला काळजी वाढवायची, हे गणिताच्या सूत्राला जमत नाही.

वयाबद्दल. ७५ वर्षांच्या आजी म्हटलं की अर्धे लोक मनात निकाल लावून टाकतात. आम्ही वयाआधी विचारतो: आजारी पडायच्या दोन आठवडे आधी आजी काय करत होत्या? विहिरीवर जायच्या? सोमवारच्या बाजाराला एकट्या यायच्या? आंघोळीला कुणाचा हात लागायचा? यावरून ९ पायऱ्यांच्या दुर्बलतेच्या मापावर पायरी ठरते, ५ पासून पुढे दुर्बल. बागेत काम करणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईचा अंदाज अंथरुणाला खिळलेल्या पंचावन्नच्या माणसापेक्षा चांगला निघतो. हा प्रश्न सुनेला विचारावा. मुलगा मुंबईत असतो आणि त्याला आई गेल्या दिवाळीला कशी होती तेवढंच माहीत असतं.

आणि अंगाचा ताप. १०३ ताप घेऊन आलेल्याची धास्ती सगळ्यांना वाटते, पण अंग थंड पडलेल्याचा निकाल जास्त वाईट असतो. काखेतला थर्मामीटर शॉकमध्ये खोटा बोलतो.

पहिल्या दिवसाचा एकटा स्कोर आम्ही कुणाला सांगत नाही, कारण खरी बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळते. ब्रुसेल्सच्याच अभ्यासात सुरुवातीचा स्कोर काहीही असो, पहिल्या ४८ तासांत सोफा वाढला तर मृत्यूदर निदान ५० टक्के होता, आणि पहिल्या ९६ तासांत कमी झाला तर २७ टक्क्यांच्या आत. म्हणून रोज सकाळी त्याच वेळी, मागच्या २४ तासांतले वाईट आकडे घेऊन, शक्यतो एकाच माणसाने स्कोर काढायचा. सोबत तीन नोंदी: प्रेशरच्या औषधांची बेरीज, किलोमागे ताशी लघवी (०.५ मिलीच्या वर आहे का), आणि बोटाचा वेळ. ७२ तासांनी कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आलेला असतो, आणि इथे बरेचदा चित्र पालटतं. सुरुवातीचं अँटिबायोटिक त्या जंतूवर चालतच नव्हतं असं कळलं, तर गेल्या तीन दिवसांचा स्कोर हा उपचार न मिळालेल्या माणसाचा स्कोर होता असं धरून घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं. कार्बापेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकला दाद न देणारा क्लेबसिएला जंतू आता कुठल्याच मोठ्या हॉस्पिटलला नवा नाही. कल्चर मात्र अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून, बाटलीत ८ ते १० मिली रक्त घालून पाठवलेलं हवं. २ मिली टाकून ‘ग्रोथ नाही’ असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ काहीच नाही. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) पहिल्या दिवशी किती आहे यावर आम्ही भर देत नाही. चौथ्या दिवसापर्यंत ते ८० टक्क्यांनी उतरलं का, एवढं पाहतो.

बाहेरच्या बाकावर प्रश्न एकच असतो: “डॉक्टर, खरं सांगा, किती टक्के चान्स?” टक्का टाळला तर माणसं स्वतःच एक धरून चालतात. आमचं उत्तर साधारण असं असतं: “काका, आत्ता अवस्था गंभीर आहे. अशा दहा पेशंटांतले चार-पाच वाचत नाहीत. उद्या संध्याकाळी तीन गोष्टी बघून परत सांगतो: प्रेशरचं औषध उतरतंय का, लघवी सुटली का, आणि पोटातली घाण पूर्ण निघाली का. तोवर कुणी धीर सोडू नका, पण मुंबईच्यांना बोलावून घ्या.” दुसऱ्या दिवशी त्याच तीन गोष्टींवर बोलायचं, नवीन शब्द, नवीन मशीनचं नाव काढायचं नाही. सकाळचा डॉक्टर ‘स्टेबल’ म्हणाला आणि रात्रीचा ‘क्रिटिकल’, तर दोघंही खोटे ठरतात. ‘आता सगळं वरच्याच्या हातात’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. ते ऐकणाऱ्याला ‘घरी न्या’ असंच ऐकू येतं.

घरी नेणं, म्हणजे डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज), इथेच अंदाजाचं सगळं शास्त्र अडखळतं. वाईट अंदाज सांगितला, पैसे संपले, पेशंट घरी नेला, तो गेला. म्हणजे अंदाज बरोबर होता का? तो आपण बोललो म्हणून खरा झाला, हे नाकारता येत नाही. आणि हॉस्पिटलच्या नोंदीत तोच पेशंट ‘डिस्चार्ज, जिवंत’ असा बसतो. अशा नोंदींवर कुणी मॉडेल शिकवलं, तर नॉरअ‍ॅड १ च्या वर असलेली माणसं चांगली निभावतात असंही ते शिकेल.

सध्या संगणकाच्या मॉडेलांची हवा आहे. बहुतेक मॉडेलं बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस हॉस्पिटलच्या माहितीसाठ्यावर, मिमिकवर, शिकलेली असतात. तिथे पेशंट जास्त आजारी वाटला की लॅक्टेट वारंवार काढतात, म्हणून ‘लॅक्टेट किती वेळा काढला’ यातूनही मॉडेल आजाराची तीव्रता ओळखतं. आपल्याकडे लॅक्टेट पुन्हा काढला नाही, यामागे बरेचदा खिसा असतो. तोच रिकामा रकाना, अर्थ उलटा. त्यात तिथल्या माणसांचं वय, वजन, जंतू वेगळे; रस्त्यात गेलेले सहा तास त्या साठ्यात नाहीतच.

म्हणून बाहेरचं कुठलंही सूत्र आणलं तरी ते आपल्या पेशंटांच्या नोंदवहीवर तपासून घ्यावं लागतं. तपासणी दोन प्रकारची. जे गेले त्यांना जगलेल्यांपेक्षा जास्त धोका दाखवला का, ही पहिली. यात बहुतेक सूत्रं पास होतात. ज्यांना ‘३० टक्के’ सांगितलं त्या सगळ्यांतले खरोखर ३० टक्के गेले का, ही दुसरी, आणि नापास होतात ती इथे. नातेवाइकांना सांगायचा आकडा दुसऱ्या परीक्षेतूनच येतो. स्वतःचं सूत्र बनवायचा मोह झाला तर मृत्यू मोजा, पेशंट नव्हे: जुन्या ठोकताळ्याप्रमाणे सूत्रातल्या एका घटकामागे निदान १० मृत्यू हवेत. ४० मृत्यूंच्या वहीवर १५ घटकांचं सूत्र बसवलं तर ते त्याच वहीवर सुंदर चालतं आणि पुढच्या वर्षी पडतं.

वहीचा शेवटचा रकाना २८ व्या दिवसाचा. त्यासाठी दाखल होतानाच तीन नंबर घ्यायचे: बिल भरणाऱ्याचा, गावात राहणाऱ्या एकाचा, आणि गावच्या आशाताईंचा. बिल भरणारा नंतर फोन उचलत नाही, त्याला वसुलीचा वाटतो. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर रेंज नसते, तिथे आशाताईच उपयोगी पडतात. फोन सिस्टरने करावा, संध्याकाळी सातनंतर, आणि पहिलं वाक्य ‘पैशांसाठी फोन नाही’ हे. काहीच कळलं नाही तर रकान्यात ‘माहीत नाही’ लिहायचं. मग हिशेब दोनदा करायचा: एकदा हे सगळे गेले असं धरून, एकदा सगळे वाचले असं धरून. दोन्ही वेळा सूत्र टिकलं तर वापरायचं. दोन उत्तरांत मोठी दरी पडली तर ते सूत्र पेशंटच्या शीटवर येऊ द्यायचं नाही.